एमईपी (एसी, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग) ड्रॉइंगची प्रिंट: फाइलपासून साइटवरच्या माणसाच्या हातापर्यंत

पुण्याजवळच्या एका निवासी प्रकल्पावर पाचवा स्लॅब भरून झाला आणि दुसऱ्या दिवशी कळलं, की एका टॉयलेटच्या चार स्लीव्ह, म्हणजे पाइप जाण्यासाठी स्लॅबमध्ये आधीच बसवायच्या नळ्या, राहून गेल्या आहेत. प्लंबरची चूक नव्हती. त्याच्या हातातल्या प्रिंटवर त्या स्लीव्ह नव्हत्याच. माझ्या स्क्रीनवर मात्र होत्या. ड्राफ्ट्समनने त्या चुकून डेफपॉइंट्स या लेयरवर (ड्रॉइंगच्या एका थरावर) काढल्या होत्या. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ही लेयर स्क्रीनवर दिसते, प्रिंटमध्ये येत नाही. प्रिंट मी पाहिली होती, पण फाइलशी ताडून पाहिली नव्हती. पुढे कोअर कटिंग (भरलेल्या स्लॅबला यंत्राने भोक पाडणं), त्यात कापल्या गेलेल्या सळ्या आणि स्ट्रक्चरल कन्सल्टंटपुढे द्यावं लागलेलं स्पष्टीकरण, हे सगळं ओघाने आलंच.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून चालतो. शटरिंगवर (स्लॅब भरण्यासाठीच्या साच्यावर) उभ्या असलेल्या माणसाला लेयर चालू करता येत नाही, झूम करता येत नाही. कागदावर जे उमटलं तेवढंच त्याचं ड्रॉइंग. म्हणून प्लंबिंग, इलेक्ट्रिकल आणि एसीच्या ड्रॉइंगची प्रिंट काढताना खालचा क्रम मोडू नका. बहुतेक चुका बटण चुकीचं दाबल्यामुळे होत नाहीत, आधीची पायरी सोडून पुढची घेतल्यामुळे होतात.

टप्पा १: आधी यादी करा, मग फाइल उघडा

कोणती ड्रॉइंग, कोणाला, किती प्रती आणि कामाच्या कोणत्या टप्प्याआधी लागणार, हे कागदावर लिहा. सगळा संच एकदम छापून साइटवर टाकला की हमखास गोंधळ होतो. स्लॅबचं काम चालू असताना फोरमनला फॉल्स सीलिंगच्या वरच्या डक्टचं ड्रॉइंग नको असतं. त्याला कंड्युट (वायरच्या नळ्या) आणि स्लीव्हचं हवं असतं, तेही सळ्यांची खालची जाळी बांधायला सुरुवात होण्याआधी. फॅन बॉक्स (पंखा टांगायचे डबे) शटरिंगवरच ठोकले जातात आणि कंड्युट खालच्या आणि वरच्या जाळीच्या मधून जातात. वरची जाळी बांधून झाल्यावर पोचलेली प्रिंट काही कामाची नाही.

साधारण क्रम असा: स्लॅबमधले कंड्युट, स्लीव्ह आणि कट-आऊट सगळ्यात आधी. वीटकाम झाल्यावर आणि प्लास्टरच्या आधी भिंतीतल्या खाचांचं ड्रॉइंग. मग टॉयलेटच्या पाइपिंगची मोठी डिटेल. डक्ट, केबल ट्रे आणि स्प्रिंकलरच्या लाइन फॉल्स सीलिंगच्या आधी.

यादी करतानाच शीर्षक नीट करून घ्या, कारण एक घोळ साइटवर वर्षानुवर्षं चालू आहे. चौथ्या मजल्यावरचे दिवे आणि पंखे पाचव्या स्लॅबमध्ये येतात, कारण तो चौथ्या मजल्याचं छत आहे. पाचव्या मजल्याच्या टॉयलेटच्या स्लीव्हही त्याच पाचव्या स्लॅबमध्ये येतात, कारण तो त्यांची जमीन आहे. म्हणजे एकाच दिवशी भरायच्या स्लॅबसाठी वायरमनला चौथ्या मजल्याचं ड्रॉइंग लागतं आणि प्लंबरला पाचव्याचं. नुसतं ‘पाचवा मजला’ असं शीर्षक दोघांच्या हातात दिलंत, तर एक जण नक्की चुकणार. शीर्षकात स्लॅबचं नाव स्पष्ट लिहा: ‘पाचवा स्लॅब, चौथ्या मजल्याचे दिवे व पंखे’, ‘पाचवा स्लॅब, पाचव्या मजल्याच्या स्लीव्ह’.

तपासा: स्लीव्हची मापं कशापासून दिली आहेत? स्लॅबचं शटरिंग होतं तेव्हा त्या मजल्यावर वीटभिंत नसते. भिंतीच्या कडेपासून दिलेलं माप तिथे घेताच येत नाही. माप ग्रिडपासून (कॉलमच्या आखणीच्या रेषांपासून), कॉलमच्या कडेपासून किंवा बीमच्या कडेपासून हवं, आणि आकड्यात लिहिलेलं हवं.

टप्पा २: फाइल प्रिंटसाठी तयार करा

मला सगळ्यात जास्त चुका इथे सापडतात, म्हणून इथे घाई करू नका.

१. एक्सरेफची, म्हणजे आपल्या फाइलला बाहेरून जोडलेल्या ड्रॉइंगची, यादी उघडा. आर्किटेक्टचा प्लॅन आणि स्ट्रक्चरचा प्लॅन कोणत्या रिव्हिजनचा (सुधारित आवृत्तीचा) जोडलेला आहे, ते फाइलच्या नावावरून नाही तर आतल्या टायटल ब्लॉकवरून (शीटवरच्या माहितीच्या चौकटीवरून) पाहा. आपलं प्लंबिंग चौथ्या रिव्हिजनचं आणि पार्श्वभूमी दुसऱ्या रिव्हिजनची, असं ड्रॉइंग दिसायला अगदी निर्दोष असतं. फक्त डक्टची (पाइप जाणाऱ्या उभ्या पोकळीची) भिंत सरकलेली असते.

२. एक्सरेफचा पाथ (फाइलचा पत्ता) रिलेटिव्ह, म्हणजे आपल्या फाइलच्या जागेपासून धरलेला, ठेवा. पूर्ण पाथ दिला असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडताच पार्श्वभूमी गायब होते आणि प्रिंटवर हवेत लटकलेले पाइप येतात. फाइल बाहेर पाठवायचीच असेल तर ई-ट्रान्समिट वापरा. त्यात एक्सरेफ, फॉन्ट आणि सीटीबी फाइल (कोणत्या रंगाची रेष कशी आणि किती जाड छापायची ते ठरवणारी) एकत्र बांधून जातात.

३. ऑडिट करा (फाइलमधल्या चुका दुरुस्त होतात), मग पर्ज करा (न वापरलेल्या गोष्टी निघून जातात). एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा ओव्हरकिल कमांडने काढा. दोन तुटक रेषा थोड्या सरकून एकमेकींवर बसल्या की प्रिंटवर सलग रेष दिसते, आणि ड्रेनेजची लाइन पाणीपुरवठ्याची वाटते.

४. लेयर मॅनेजरमध्ये प्रिंटरच्या चिन्हाचा स्तंभ वरून खालपर्यंत वाचा. जिथे चिन्हावर काट आहे ती प्रत्येक लेयर मुद्दाम बंद केली आहे का, हे विचारा. मग फक्त डेफपॉइंट्स चालू ठेवून बाकी सगळं बंद करा आणि पडद्यावर काय उरतं ते बघा. व्ह्यूपोर्टच्या (छापायच्या शीटवर ड्रॉइंग दाखवणाऱ्या खिडक्यांच्या) चौकटी आणि डायमेन्शनचे बिंदू सोडून दुसरं काहीही दिसलं तर ते तिथून हलवा.

५. प्रत्येक व्ह्यूपोर्टमध्ये कोणत्या लेयर फ्रीझ (लपवलेल्या) आहेत ते वेगळं तपासा. मॉडेलमध्ये (मूळ ड्रॉइंगमध्ये) दिसणारी लेयर एखाद्या लेआउटच्या (छापायच्या शीटच्या) व्ह्यूपोर्टमध्ये फ्रीझ असू शकते. काम झालं की व्ह्यूपोर्ट लॉक करा. माउसचं चाक चुकून फिरलं की स्केल बदलतं, आणि ते नजरेला कळतही नाही.

६. कामगारांसाठी मराठी किंवा हिंदीत सूचना लिहिल्या असतील तर त्या युनिकोड फॉन्टमध्ये हव्यात. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेली सूचना दुसऱ्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन येते.

सावधान: ‘मी कालच तपासलं होतं’ यावर प्रिंट काढू नका. रात्रीतून आर्किटेक्टने एक्सरेफ बदलला असेल तर कालची तपासणी रद्द झाली.

टप्पा ३: रेषा काळ्या-पांढऱ्यात वाचता आल्या पाहिजेत

तुम्ही रंगीत प्रिंट दिलीत तरी साइटवर तिची झेरॉक्स निघते. सब-कॉन्ट्रॅक्टर आपल्या माणसासाठी ए-थ्रीवर काळी-पांढरी कॉपी काढतो. निळी थंड पाण्याची लाइन, लाल गरम पाण्याची आणि हिरवी ड्रेनेजची, तिन्ही करड्या होतात. म्हणून रंग हा सोयीचा भाग समजा. ओळख रेषेच्या प्रकारावर आणि रेषेत लिहिलेल्या अक्षरांवर ठेवा. सोप्या भाषेत, पाइपवर दर काही अंतरावर त्याचं नाव आणि व्यास आलाच पाहिजे. ड्रेनेजच्या लाइनवर वाहण्याची दिशा दाखवणारा बाण आणि उतार हवा.

जाडीसाठी मी असं ठेवतो: आर्किटेक्टची पार्श्वभूमी ०.१३ मिमी आणि शाई साधारण ५० ते ६० टक्के, म्हणजे करडी. स्ट्रक्चरचे कॉलम त्याहून थोडे ठळक, कारण मापं तिथूनच घ्यायची आहेत. आपल्या सेवेची मुख्य लाइन ०.५०, फांद्या ०.३५, डायमेन्शन (मापांच्या रेषा) आणि लीडर (सूचनेपासून वस्तूकडे जाणारी रेष) ०.१८. पार्श्वभूमी ३० टक्क्यांच्या खाली नेऊ नका. पहिल्या प्रिंटवर ती सुंदर दिसते, झेरॉक्समध्ये भिंती नाहीशा होतात.

तुटक रेष सलग का छापली जाते, हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. दोन कारणं बहुतेक वेळा असतात. पहिलं, एलटीस्केल, म्हणजे तुटक रेषेचे तुकडे किती मोठे दिसतील ते ठरवणारी सेटिंग. लेआउटमध्ये काम करत असाल तर एलटीस्केल, पीएसएलटीस्केल आणि एमएसएलटीस्केल तिन्ही १ ठेवा आणि मग रीजेनऑल (पडद्यावरचं ड्रॉइंग नव्याने आखायची कमांड) करा. रीजेनऑल विसरलात तर पडद्यावर जुनंच दिसत राहतं. दुसरं कारण, रेषेचा प्रकार इंचाच्या फाइलमधून लोड झालेला असतो. मिलिमीटरमधल्या ड्रॉइंगसाठी अ‍ॅकॅडआयएसओ फाइलमधला हवा. इंचवाल्यातले तुकडे २५.४ पट लहान असतात, त्यामुळे ते एकमेकांना चिकटून सलग रेष होते.

सीटीबी फाइल सगळ्या टीमची एकच ठेवा आणि ती प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये असू द्या. एकाच संचात प्लंबिंग एका जाडीचं आणि इलेक्ट्रिकल दुसऱ्या जाडीचं आलं की दोन्ही एकमेकांवर ठेवून वाचता येत नाहीत. रेव्हिट या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी लिंक केलेलं आर्किटेक्चर हाफटोन (फिकट) करावं आणि ते व्ह्यू टेम्प्लेटमधूनच करावं, एकेका शीटवर हाताने नाही.

तपासा: एक शीट काळी-पांढरी छापा, तिची ए-थ्री झेरॉक्स काढा आणि ज्याने ते ड्रॉइंग काढलं नाही अशा माणसाला विचारा, ‘इथे गरम पाण्याची लाइन कोणती?’ त्याला बोट ठेवायला वेळ लागला तर टप्पा ३ पुन्हा करा.

टप्पा ४: स्केल आणि कागद

ए-झिरो ८४१ × ११८९ मिमी, ए-वन ५९४ × ८४१, ए-टू ४२० × ५९४, ए-थ्री २९७ × ४२०. प्लॉटरचे रोल इंचात मिळतात. २४ इंची रोल म्हणजे ६१० मिमी, त्यावर ए-वन बसतो. ३६ इंची म्हणजे ९१४ मिमी, त्यावर ए-झिरो. ज्या दुकानातून प्रिंट काढणार त्यांच्याकडे कोणता रोल आहे, हे शीट ठरवण्याआधी विचारा.

मजल्याचं लेआउट १:१०० किंवा १:५०, टॉयलेट आणि पंप रूमची डिटेल १:२० किंवा १:२५, यात बहुतेक काम भागतं. पण हिशेब आधी करा. ६० मीटर लांबीचा मजला १:५० ला १२०० मिमी होतो. ए-झिरोची लांबी ११८९. म्हणजे समास सोडायच्या आधीच तो बसत नाही. अशा वेळी ‘थोडंसं लहान करून बसवू’ हा मोह टाळा. मजला दोन शीटमध्ये तोडा, मॅच लाइन (दोन शीट जिथे जुळतात ती रेष) द्या आणि कोपऱ्यात की प्लॅन (हा भाग मजल्यावर कुठे आहे ते दाखवणारा छोटा नकाशा) टाका. मॅच लाइनवरच असलेली स्लीव्ह अनेकदा दोन्ही शीटवरून सुटते, म्हणून दोन्हीकडे मॅच लाइनच्या पलीकडचा एखादा मीटर भाग दाखवा.

लहान करून छापलेल्या प्रिंटचा धोका नीट समजून घ्या. ए-वन ए-थ्रीवर छापली की प्रत्येक लांबी निम्मी होते, १:१०० चं १:२०० होतं. टायटल ब्लॉकमध्ये मात्र १:१०० च लिहिलेलं राहतं. कुणी पट्टी लावून माप घेतलं की ते निम्मं येतं. ए-झिरो ए-वनवर छापली तर गुणक ०.७०७, म्हणजे १:१०० चं साधारण १:१४१, आणि या स्केलची पट्टी बाजारात नाही. यावर दोन उपाय आहेत, दोन्ही करा. स्केलच्या रकान्यात ‘१:१०० (ए-वनवर)’ असं लिहा. शिवाय रेखांकित स्केल बार काढा, कारण तो कागदाबरोबर लहान-मोठा होतो.

अक्षरांचंही तेच. ए-वनवर २.५ मिमी उंचीचं अक्षर ए-थ्रीवर १.२५ मिमी होतं, आणि शटरिंगखालच्या उजेडात ते वाचता येत नाही. साइटवर ए-थ्री जाणारच असेल तर मूळ शीटवर पाइपच्या व्यासाची आणि लेव्हलची अक्षरं ३.५ मिमी ठेवा.

सावधान: प्रत्येक शीटवर ‘मोजून घेऊ नये, लिहिलेलं माप धरावं’ ही ओळ हवीच. पण ती लिहून आपली जबाबदारी संपत नाही. माप लिहिलेलंच नसेल तर माणूस पट्टी लावणारच.

टप्पा ५: पीडीएफ काढा आणि तीच तपासा

दुकानात डीडब्ल्यूजी फाइल कधीच देऊ नका. तिथल्या कॉम्प्युटरवर तुमची सीटीबी नसते, फॉन्ट नसतात, एक्सरेफ सापडत नाही. पीडीएफ द्या.

प्लॉट एरिया ‘लेआउट’, स्केल १:१, ‘फिट टू पेपर’ची खूण काढलेली, कागद फुल ब्लीडमधला (कडेला समास न सोडणारा). हे पेज सेटअपमध्ये एकदा साठवा आणि सगळ्या शीटना तेच लावा. मग पब्लिश कमांडने सगळा संच एकदम काढा. शीटची यादीही साठवून ठेवता येते, त्यामुळे पुढच्या रिव्हिजनला एखादी शीट विसरत नाही.

आता पीडीएफ उघडून एक-एक शीट पाहा. फाइल बाजूला उघडी ठेवा. या तपासणीला मी प्रत्येक शीटला पाच मिनिटं देतो, आणि सुरुवातीला सांगितलेला अनुभव गाठीशी असल्याने ती कमी करत नाही.

- मोजणी: एका टॉयलेटपुरत्या स्लीव्ह पीडीएफवर बोटाने मोजा. फाइलमध्ये क्यूसिलेक्ट कमांडने त्याच स्लीव्हच्या चिन्हाचा (ब्लॉकचा) आकडा काढा. रायझर डायग्राममध्ये (उभ्या पाइपांच्या आकृतीत) किती शाफ्ट लाइन आहेत ते बघा. तिन्ही आकडे जुळले पाहिजेत.
- झाकलेली अक्षरं: सॉलिड हॅचखाली (भरीव रंगवलेल्या भागाखाली) किंवा वाइपआउटखाली (मागचं झाकणाऱ्या कोऱ्या तुकड्याखाली) एखादं माप गेलंय का?
- मराठी सूचना: जोडाक्षरं फुटली नाहीत ना?
- आधीच्या रिव्हिजनशी तुलना: ऑटोकॅड २०१९ पासून दोन डीडब्ल्यूजी एकमेकांवर ठेवून फरक दाखवण्याची सोय आहे. ती वापरा. फरक जिथे दिसतो तिथे रिव्हिजन क्लाउड (बदलाभोवतीचा ढगाच्या आकाराचा घेर) आहे का, हे बघा. क्लाउड नसलेला बदल साइटवर कुणालाही दिसत नाही.

पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनशॉट किंवा फोटो पाठवला की तो दाबला जातो, ६ चा ८ दिसतो.

टप्पा ६: एक नमुना, मग संच

दुकानदाराला आधी एकच शीट काढायला सांगा. पीडीएफ प्रिंट करताना ‘अ‍ॅक्चुअल साइझ’ हवं. ‘फिट’ राहिलं तर ९७-९८ टक्क्यांवर छापलं जातं, आणि हा फरक डोळ्यांना दिसत नाही. शीटच्या समासात १०० मिमीची एक आडवी आणि एक उभी रेष कायम काढून ठेवा. स्टीलच्या पट्टीने दोन्ही मोजा. आडवी बरोबर आणि उभी चुकलेली असेल तर प्लॉटर कागद नीट ओढत नाही, हे दुकानदाराला सांगा.

पावसाळ्यात शाईबद्दल विचारा. साध्या डाय शाईची इंकजेट प्रिंट ओल्या हाताने धरली तरी पसरते. जून ते सप्टेंबर साइटवरच्या प्रती टोनरच्या मशीनवर काढा. लॅमिनेट केलेली एखादी प्रत साइट ऑफिसच्या भिंतीवर छान, पण त्यावर पेनने बदल लिहिता येत नाही. म्हणून लाल पेनाने खुणा करायला साध्या कागदावरची एक प्रत वेगळी ठेवा. पुढे अ‍ॅज-बिल्ट (प्रत्यक्ष झालेल्या कामाचं) ड्रॉइंग त्याच प्रतीवरून निघतं.

टप्पा ७: शिक्का, घडी, नोंद आणि जुन्या प्रती

रिव्हिजन तीन ठिकाणी एकच असली पाहिजे: फाइलच्या नावात, टायटल ब्लॉकमध्ये आणि रिव्हिजनच्या तक्त्यातल्या शेवटच्या ओळीत. तक्त्यात ‘सुधारणा केल्या’ असं मोघम लिहू नका. ‘ग्रिड सी-४ जवळची ११० मिमी स्लीव्ह १५० मिमी पूर्वेला’ असं लिहा. ढग फक्त ताज्या रिव्हिजनचे ठेवा, जुने काढा, नाहीतर शीटभर ढगच ढग होतात आणि नवा बदल त्यात हरवतो.

कामासाठी दिलेल्या प्रत्येक प्रतीवर ‘बांधकामासाठी’ हा शिक्का, तारीख आणि सही. चर्चेसाठी काढलेल्या प्रतीवर ‘फक्त माहितीसाठी’. शिक्का नसलेली प्रिंट साइटवर दिसली तर ती उचलायचा अधिकार साइट इंजिनिअरला द्या.

घडी २१० × २९७ मिमीवर यावी आणि टायटल ब्लॉक वर दिसला पाहिजे. डाव्या बाजूला फायलिंगसाठी २० मिमी समास मोकळा सोडा. घड्या घालण्याच्या पद्धतीसाठी भारतीय मानक आयएस ११६६४ आहे. एकदा त्याप्रमाणे ऑफिसातल्या मुलाला स्वतः बसून शिकवा. गुंडाळी करून दिलेली प्रिंट साइटवर कुणी उलगडून बघत नाही, ती कोपऱ्यात उभी राहते.

मग नोंदवही: ड्रॉइंग क्रमांक, रिव्हिजन, प्रती, आकार, तारीख, घेणाऱ्याची सही. पाच जणांना पाच प्रती दिल्या तर पाच सह्या. आणि याच वेळी, त्याच टेबलावर, जुन्या रिव्हिजनची प्रत परत घ्या. ‘नंतर आणून देतो’ चालू देऊ नका. नवी हातात पडली की जुनी खिशातच राहते, आणि स्लॅबच्या दिवशी घाईत तीच बाहेर येते. परत आलेल्या प्रतींपैकी एकीवर ‘रद्द’ शिक्का मारून ती फाइलला लावा. बिलाच्या किंवा जादा कामाच्या वादात ती लागते. बाकीच्या फाडून टाका. सब-कॉन्ट्रॅक्टरने काढलेल्या झेरॉक्स नोंदवहीत नसतात, म्हणून स्लॅबच्या आदल्या दिवशी शटरिंगवर चढा आणि प्रत्येकाच्या हातातल्या कागदाचा कोपरा बघा. टायटल ब्लॉक फाटलेला किंवा झेरॉक्समध्ये कापला गेलेला असेल, तर तो कागद तिथेच घ्या आणि शिक्क्याची प्रत हातात द्या.